लिनक्स फ्रॉम स्क्रॅच

संपूर्ण लिनक्स प्रणाली सोर्स कोडपासून स्वतः कशी उभारावी हे शिकवणारा मुक्त प्रकल्प आणि त्याचे पुस्तक, संक्षेपाने ‘एलएफएस’. जेरार्ड बीकमन्स यांनी तो सुरू केला व १९९९ मध्ये पुस्तकाची पहिली आवृत्ती काढली. ते इंटरनेटवर मोफत मिळते.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेले लिनक्स म्हणजे नुसते कर्नल. सी लायब्ररी, शेल, फाइली हाताळणाऱ्या आज्ञा, बूटलोडर हे सारे जोडल्यावर वापरण्याजोगी प्रणाली होते. डेबियन किंवा उबुंटू घेणाऱ्याला ते तयार मिळते. एलएफएसमध्ये मात्र सुमारे ऐंशी पॅकेजे एकेक करून कंपाइल करावी लागतात.

नवखा माणूस कर्नलला बिचकतो, पण खरी मेख कंपायलरमध्ये आहे. जीसीसी हा कंपायलर कंपाइल करायलाही आधी कंपायलर लागतोच, आणि तो आधीच्या, म्हणजे यजमान प्रणालीतला असतो. त्याने बांधलेले प्रोग्राम यजमानाच्याच लायब्ररीला चिकटून बसतात. यावर पुस्तकाने काढलेला तोडगा मोठा चलाख आहे. यंत्राच्या ‘एक्स८६_६४-पीसी-लिनक्स-ग्नू’ अशा ओळखनावात ‘पीसी’ या शब्दाच्या जागी ‘एलएफएस’ घालायचे. कॉन्फिगर स्क्रिप्टची समजूत होते की आपण परक्या यंत्रासाठी काम करतो आहोत, आणि क्रॉस-कंपायलर तयार होतो. आधी बिनयुटिल्स (असेंब्लर, लिंकर वगैरे), मग जीसीसी (सी लायब्ररी अजून नसल्याने अपुरा), कर्नलच्या हेडर फाइली, त्यानंतर ग्लिबसी ही सी लायब्ररी, असा क्रम. पुढे तात्पुरती साधने बांधून ‘सीएचरूट’ने नव्या घरात शिरायचे आणि अंतिम प्रणाली तिथूनच बांधायची. जीसीसी अशा रीतीने तीनदा कंपाइल होतो.

प्रत्येक पॅकेजची रीत बहुधा तीच: टार फाइल उलगडा, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, आणि उलगडलेली डिरेक्टरी पुसून टाका. बिनयुटिल्सच्या पहिल्या फेरीला आपल्या यंत्रावर लागलेला वेळ हेच कालमापनाचे एकक. इतर पॅकेजांचा वेळ त्याच्या पटीत दिलेला असतो.

नवी प्रणाली जिथे बांधायची त्या डिरेक्टरीचा पत्ता ‘एलएफएस’ नावाच्याच व्हेरिएबलमध्ये ठेवतात. ते रिकामे असताना रूट म्हणून इन्स्टॉलची आज्ञा दिली तर फाइली यजमानावरच जाऊन पडतात व चालती प्रणाली बिघडू शकते. पहिला प्रयत्न व्हर्च्युअल मशीनवर करावा तो यासाठी. कर्नलच्या ‘मेनूकॉन्फिग’मध्ये डिस्कचा किंवा फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून न ठेवता कर्नलमध्येच घ्यावा; नाहीतर इनिटरॅमएफएस (बूट होताना मेमरीत उभी राहणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) नसेल तेव्हा रूट फाइलसिस्टिम माउंट न झाल्याचे सांगून कर्नल ‘पॅनिक’ होते.

हे सगळे आपोआप करणारे ‘जेएचएएलएफएस’ हे साधन आहे. पहिल्या खेपेला ते वापरणे म्हणजे शिकण्याचाच भाग गाळणे. बांधलेल्या प्रणालीत पॅकेज मॅनेजर नसतो, त्यामुळे प्रत्येक सुरक्षा-दुरुस्ती स्वतःच कंपाइल करून बसवावी लागते. सोर्सपासून बांधलेली प्रणाली रोज वापरायची असेल तर पोर्टेज हा पॅकेज मॅनेजर पुरवणारे जेंटू अधिक सोयीचे. ग्राफिकल डेस्कटॉप, ब्राउझर वगैरेंसाठी ‘बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ हे वेगळे पुस्तक आहे.