दोरीला टांगलेला चेंडू

एका जुन्या छायाचित्रात बेसबॉलचा खेळाडू झेल घेताना दिसतो. आपण निरखून पाहिले, तर चेंडूच्या वर बारीक दोरी दिसते! न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८७ ते १८९० च्या सुमारास ‘ओल्ड जज’ सिगारेटच्या पाकिटांतून अशी छायाचित्रे वाटली. चेंडू टांगायचा कशासाठी? स्टुडिओतल्या उजेडात काचेवर प्रतिमा उमटायला वेळ लागे. फेकलेल्या चेंडूची तेवढ्यात नुसती पुसट रेघ उमटली असती. म्हणून खेळाडू स्तब्ध आणि चेंडूही स्तब्ध.

पुढे अधिक संवेदनशील काचा आणि वेगवान झडपेचे कॅमेरे आले. १९१० साली चार्ल्स कॉनलन यांनी धूळ उडवत तिसऱ्या बेसवर घसरणारा टाय कॉब थेट मैदानावरच टिपला.

आज संग्राहक ही जुनी छायाचित्रे मोठी किंमत देऊन घेतात. अस्सल ‘ओल्ड जज’ म्हणजे अंड्याचा पांढरा बलक व चांदीचे क्षार लावलेल्या कागदावरचे, पुठ्ठ्यावर चिकटवलेले छायाचित्र. भिंगाखाली छपाईचे ठिपके दिसले, तर ती नक्कल समजावी.

वर्गात जुने छायाचित्र दाखवताना ‘हा कोण?’ एवढेच आपण विचारतो. ‘हे घेतले कसे असेल?’ असेही विचारू या. दोरी तेव्हाच दिसते.