लिनक्सची घराणी आणि आपला जुना संगणक

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या प्रणालीचा नियमित आधार थांबवला. त्यासाठी आपल्या शहरात मोर्चा निघाला नाही की गुलमंडी बंद राहिली नाही. पण शाळांतले, वाचनालयांतले, चिकलठाणा-वाळूजच्या लहान कारखान्यांच्या कचेऱ्यांतले कितीतरी संगणक त्या दिवशी चालते असूनही निकाली निघाल्यासारखे झाले. विंडोज ११ ला हवी ती सुरक्षेची सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर त्यांच्यात नाही. यंत्र झिजले म्हणून नव्हे, तर दूरच्या एका कंपनीने त्याची काळजी घेणे सोडले म्हणून ते भंगारात जायचे. एक्सपीच्या बाबतीत हेच ८ एप्रिल २०१४ ला घडले, विंडोज ७ च्या बाबतीत १४ जानेवारी २०२० ला.

‘मग लिनक्स घाला’ असा सल्ला अशा वेळी मिळतो. सल्ला योग्यच आहे. पण तो ऐकून कामाला लागलेल्या गृहस्थापुढे डेबियन, उबुंटू, मिंट, फेडोरा अशा नावांची रांग उभी राहते, आणि प्रत्येक नावापुढे पुन्हा नोम, केडीई, एक्सएफसीई असे फाटे फुटतात. बिचारा गोंधळून परत फिरतो. ही नावे कोठून आली हे कळले, तर निवड फारशी अवघड राहत नाही, असे माझे मत आहे.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू हा उपक्रम जाहीर केला. प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांना वाचता यावा, सुधारता यावा आणि वाटता यावा, ही त्यांची भूमिका. साधने एकेक तयार होत गेली; यंत्राशी थेट बोलणारा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो मात्र पुरा होईना. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या ३८६ जातीच्या संगणकासाठी छंद म्हणून असा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली खुला केला.

पण नुसता गाभा म्हणजे नुसते पाणी. आपल्या शहरात ‘वितरण’ हा शब्द उच्चारला की नळ आठवतो आणि लोक उसासा टाकतात. येथेही अर्थ जवळजवळ तोच आहे. हर्सूलच्या बाजूचे पाणी मातीच्या नळांतून आणि मनोऱ्यांवरून खेळवत आणले, तेव्हा कोठे पाणचक्की फिरली. त्याचप्रमाणे गाभा, साधने आणि ती यंत्रावर बसवण्याची व्यवस्था एकत्र बांधून लोकांच्या दारी आणून देणे, याला लिनक्सच्या जगात वितरण म्हणतात.

आरंभीच्या अशा वितरणांपैकी एसएलएस हे १९९२ चे. ते चुकांनी भरलेले होते, आणि त्याचा आपल्यावर मोठा उपकार आहे! कारण त्याला वैतागूनच १९९३ साली पॅट्रिक व्होल्करडिंग यांनी स्लॅकवेअर काढले आणि त्याच वर्षी इयान मर्डॉक या विद्यार्थ्याने डेबियन सुरू केले. डेब्रा हे त्यांच्या मैत्रिणीचे नाव. तिचे आणि स्वतःचे नाव जोडून त्यांनी हा शब्द बनवला. १९९४ साली रेड हॅट आले, ते व्यापारी अंगाने. गाण्यात असतात तशी ही तीन घराणी. डेबियनच्या गादीतून २००४ साली मार्क शटलवर्थ यांचे उबुंटू निघाले, उबुंटूतून २००६ साली मिंट. आणि आपल्या सी-डॅकने २००७ साली काढलेली ‘बॉस’ प्रणालीही डेबियनचीच शिष्या. जी नावे पाहून आपण घाबरतो, त्यांतली बरीचशी एकाच घरची मुले-नातवंडे आहेत.

आता पडद्यावरची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप. त्याचा इतिहास भांडणांचा आहे, आणि मला तो फार उद्बोधक वाटतो. १९९६ साली जर्मनीत माटियास एट्रिख यांनी केडीई सुरू केले. ते दिसायला देखणे होते, पण ज्या क्यूटी या सामग्रीवर ते उभे होते तिचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. या एका मुद्द्यावरून १९९७ साली मेक्सिकोत मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी नोमची मुहूर्तमेढ रोवली. फ्रान्सच्या ऑलिव्हिए फुर्दां यांच्या एक्सएफसीईलाही हाच अडसर आला. तेही अमुक्त सामग्रीवर बेतलेले म्हणून रेड हॅटने ते स्वीकारले नाही, तेव्हा फुर्दां यांनी ते नव्याने लिहून काढले. पुढे २०११ साली नोमने आपले रूप मुळापासून पालटले. जुन्या रूपाची सवय असलेले लोक रागावले, आणि अर्जेंटिनातल्या एका वापरणाऱ्याने जुने नोमच पुढे चालवायला घेतले. त्याला नाव दिले ‘माते’, तिकडे चहासारखा घेतात त्या पेयाचे. तैवानच्या हुंग जेन यी यांनी २००६ साली एलएक्सडीई काढले, ते मुळातच अशक्त संगणकांसाठी. आजचे एलएक्सक्यूटी त्याचाच वारस.

विंडोजच्या ग्राहकाला रूप आवडले नाही तर सोसावे लागते. येथे मजकूर उघडा असल्यामुळे रागावलेल्या माणसाला वेगळी चूल मांडता येते. नावांची गर्दी ही त्या मुभेची किंमत होय.

हलका डेस्कटॉप म्हणजे काय, तेही स्पष्ट सांगतो. यंत्र सुरू होऊन स्वस्थ बसले असता एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी साधारण अर्ध्या जीबीच्या आसपास रॅम खातात. नोम त्याहून बरीच जास्त. मात्र ब्राउझर उघडून दहा पाने लावली की हा सगळा हलकेपणा धुऊन जातो, हे विक्रेत्यासारखे उत्साही मित्र सांगत नाहीत. तसेच मुक्त प्रणाली यंत्राला अमरत्व देते असेही नाही. उबुंटूने २०१७ पासून ३२ बिटांच्या संगणकांची साथ सोडायला सुरुवात केली, आणि ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्येही त्यांच्यावर नवी प्रणाली बसवण्याची सोय उरली नाही.

हा विचार सरकारी पातळीवर कोणी केला काय? स्पेनमध्ये एक्स्त्रेमादुरा नावाचा प्रांत आहे. शेतीवर जगणारा, मागास म्हणून हिणवला गेलेला, आपल्या मराठवाड्याचा जणू चुलतभाऊ. त्याने २००२ साली डेबियनवरून आपली लिनेक्स प्रणाली करून शाळांत बसवली. चित्रे काढण्याच्या साधनाला त्यांनी आपल्याच मातीतल्या सुरबारान या थोर चित्रकाराचे नाव दिले. पुढे त्या उपक्रमाचा जोर ओसरला, पण केरळने शाळांत मुक्त प्रणाली रुजवली आणि टिकवली. निजामी अमदानीत ज्या शहराला मराठीतून शिकण्यासाठी झगडावे लागले, त्याला यंत्र कोणत्या भाषेत बोलते हा प्रश्न परका वाटू नये.

कारण मराठीची गोष्ट आणखी बारीक आहे. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द घ्या. पहिल्याला आपण भाषणाला बोलावतो, दुसऱ्याला पंगतीच्या स्वयंपाकाला. हिंदीला या दुसऱ्या रफाराची गरज नाही, म्हणून केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या व्यवस्थेत तो बिघडतो. पूर्वी प्रत्येक कंपनीचे फॉन्ट निराळे; एका छापखान्यातला मजकूर दुसऱ्यात उघडला की कचरा दिसे. युनिकोडने ते दुखणे बरे केले. मग २००४ साली रेड हॅटने पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडे घडलेले लोहित फॉन्ट मुक्त परवान्याने दिले, आणि त्यांत मराठी वळणाचा ल आणि श असलेला लोहित मराठीही पुढे मिळू लागला.

तेव्हा माझी शिफारस अशी. दोन जीबी रॅमचे ६४ बिटांचे यंत्र असेल तर डेबियनवर एलएक्सक्यूटी घ्यावे. चार जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, कारण विंडोजची सवय असलेल्याला ती लवकर हाताळता येते. पैसे खर्चायचेच तर आधी जुन्या फिरत्या तबकडीच्या जागी एसएसडी बसवावी. प्रणाली लगेच यंत्रावर चढवू नये; पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी, वायफाय लागते काय आणि छपाई होते काय ते बघावे, मग इनस्क्रिप्ट कळफलक निवडून शिफ्ट आणि जे या कळांनी ‘ऱ’ काढून ‘आचाऱ्यास’ लिहून पाहावे. ज्या कचेरीचा हिशेब टॅलीवर आहे तिने मात्र एक यंत्र विंडोजचेच ठेवावे. टॅली विंडोजसाठी लिहिलेली आहे.