चार पंजे आणि एक बोट

लकवा आला आणि वाचा गेली, की घरात लगेच म्हणतात, "आता हिला काही कळत नाही." मग भाजी कोणती करायची हेही तिला कुणी विचारत नाही. कागदावर अंगठा मात्र न विचारता घेतात.

डॉक्टर याला वाचाघात किंवा अफेझिया म्हणतात. मेंदूत भाषेचं काम करणाऱ्या भागाला इजा होते. शब्द अडतात, कधी दुसऱ्याचं बोलणंही नीट उमगत नाही. पण बाई वेडी झालेली नसते.

1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एक रुग्ण तपासला. त्याच्या तोंडून "तां" एवढंच निघे, म्हणून त्याचं नावच तां पडलं होतं. ब्रोकांनी विचारलं, इथे येऊन किती वर्षं झाली? त्याने पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. 21 वर्षं! दुसऱ्या दिवशीही तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो चिडला. आपली परीक्षा चाललीय हे त्याने ओळखलं होतं. आम्हाला तर उत्तरापेक्षा हा रागच मोठा पुरावा वाटतो.

तरी पुढची शंभर वर्षं तपासणी म्हणजे मुख्यतः चित्र दाखवून नाव विचारणं, वाक्य पाठोपाठ म्हणायला लावणं. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या मार्था टेलर सार्नो यांनी रोजच्या व्यवहारातलं बोलणं मोजायला घेतलं. 1980 मध्ये ऑड्री हॉलंड यांची चाचणी आली. तिच्यात डॉक्टरकडे जाणं, फोन करणं असे प्रसंग होते, आणि खुणेने काम भागलं तरी गुण मिळत.

आपल्याकडे 1995 च्या अपंग कायद्याच्या यादीत वाचाघात नव्हता. 2016 च्या कायद्यात तो आला. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर पुण्यातच आहे.

प्रमाणपत्रासाठी ससूनला जाल तेव्हा तपासणी थोडाच वेळ चालते. दिवसभर तिच्याजवळ आपण असतो. चहा नको असेल तर ती कप सरकवते का? तोंडाने "हो" म्हणताना मान "नाही" हलते का? शब्द चुकला तर पुन्हा धडपडते का, की गप्प बसते? आपणहून काही सांगू पाहते का? एक लक्षात ठेवा, जात्यावरची ओवी सलग म्हणणारीला पाणी मागता येईलच असं नाही. पाठ असलेलं गाणं वेगळं आणि बोलणं वेगळं.

हे सगळं वहीत लिहून न्या. आणि तिथे तिला प्रश्न विचारला, की तिच्याआधी आपण उत्तर देऊ नका. ही चूक आम्हीही केली आहे.