कोयता : एका जोडप्याचे नाव

पतिपत्नीच्या जोडीला मराठीत शब्दांची वाण नाही. जोडपे, दांपत्य, उभयता, नवराबायको असे कितीतरी शब्द आपण प्रसंगानुरूप वापरतो. बीड जिल्ह्याने त्यांत आणखी एका शब्दाची भर घातली आहे. तो शब्द म्हणजे 'कोयता'. ऊसतोडणीस निघालेले एक जोडपे म्हणजे एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, असा तेथील हिशेब आहे. 'यंदा टोळीत किती कोयते?' असे विचारले जाते तेव्हा विचारणाऱ्याला किती जोडपी निघाली हे जाणून घ्यायचे असते. एका हत्याराचे नाव माणसांच्या संसाराला कसे चिकटले आणि त्या नावाने त्या संसाराचे काय केले, याचा इतिहास आपल्या कुटुंबवत्सल वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे.

बीड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेवर, मांजरसुंबा-पाटोदा रस्त्याला लिंबागणेश हे गाव आहे. तेथील भालचंद्र गणपतीचे देवस्थान जुने आणि नावाजलेले. गणपतीला हसल्यामुळे शापित झालेल्या चंद्राने येथे तप केले, अशी आख्यायिका सांगतात. हा सारा टापू पर्जन्यछायेचा. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. खरिपाची बाजरी किंवा कापूस हाती आला की पुढच्या सहा महिन्यांचे काम गावात उरत नाही. बालाघाटावरच्या अशा कितीतरी गावांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास तरुण जोडपी पश्चिमेची वाट धरतात.

ही वाट कालव्यांच्या पाण्याने आखली. नीरेचा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेच्या खोऱ्यात बारमाही पाणी खेळू लागले. १९३२ साली सरकारने देशी साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिले, तेव्हा उसाला बरकत आली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. त्याच्या यशानंतर नगर, पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत कारखान्यांची रांग लागली. कारखान्यांना ऊस हवा होता आणि ऊस तोडणारे हात हवे होते. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तेथे मोठे कालवे नव्हते, कारखानदारी नव्हती. एकीकडे पाणी आणि काम, दुसरीकडे कोरडी जमीन आणि रिकामे हात, अशी ही वाटणी झाली. १९७२ च्या दुष्काळाने ती पक्की केली. एकदा बाहेर पडलेली कुटुंबे पुढे पाऊस बरा झाला तरी दर वर्षी जातच राहिली.

जोडप्यालाच एकक का मानले गेले, हे कामाच्या रीतीवरून कळते. पुरुष बुडख्यापासून ऊस तोडतो. स्त्री पाचट काढते, उसाच्या मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन ट्रकपर्यंत किंवा बैलगाडीपर्यंत नेते. मजुरी टनावर असते, दिवसावर नसते. म्हणून एकाचा हात थांबला की दुसऱ्याचेही काम अडते. शिवाय फडाजवळ पाचटाची कोपी घालून राहायचे, पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, पाणी आणायचे, मुले सांभाळायची. हे सारे काम स्त्रीकडेच. त्याची नोंद कोणत्याही टनात होत नाही. कारखान्याला आणि मुकादमाला मात्र एका मजुरीत तोडणी, बांधणी, भरणी आणि मजुराचे घर, सारेच मिळते.

या व्यवहाराची दोरी म्हणजे 'उचल'. पावसाळ्यात, हातात पैसा नसताना, मुकादम जोडप्याला आगाऊ रक्कम देतो. ती घरबांधणीला, दवाखान्याला, बियाण्याला आणि पुष्कळदा लग्नाला जाते. हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. आजारपणाने वा अन्य कारणाने कामावर न गेल्यास 'खाडा' पडतो व त्याचे पैसे कापले जातात. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि त्याबरोबर पुढच्या वर्षीचे जाणेही ठरून जाते.

या चक्राने संसाराचे पंचांगच बदलले. कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की महाराष्ट्रात लग्नसराई सुरू होते. ऊसतोड्यांच्या घरात मात्र लग्नाचा विचार पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखाना बंद होऊन माणसे गावी परतल्यावर, चैत्र-वैशाखात होतो. श्रावणात नागपंचमीला नवी सून माहेरी जाऊन येते. भाद्रपदात गणपती येतात. लिंबागणेशला तर तो गावाच्या दैवताचाच उत्सव. मग दसरा. भगवानबाबांच्या स्मरणार्थ भरणाऱ्या दसऱ्याच्या मेळाव्याला ऊसतोड कामगारांच्या जीवनात मोठे स्थान आहे, कारण त्यानंतर टोळ्या निघतात. पुढचे सण फडात. जावयाला दिवाळसणासाठी बोलवावे, तर जावई-लेक सांगलीकडे आणि सासूसासरे आणखी कोणत्या कारखान्यावर. नवविवाहितेची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी, हलव्याचे दागिने, सुवासिनींचे हळदीकुंकू. तीही उसाच्या सरीत निघून जाते. कोपीपुढे एक पणती लागते, तिळगूळ वाटला जातो, एखादी शेजारीण नव्या सुनेच्या कपाळी कुंकू लावते. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा फड. माणसांनी आनंद सोडला नाही हे खरे, पण त्यासाठी त्यांना रजा कधी मिळाली नाही, हेही तितकेच खरे.

येथवर हा कष्टाचा इतिहास झाला. त्याची अधिक गंभीर बाजू लग्नाच्या वयाशी निगडित आहे. एकट्या तरुणाचा अर्धा कोयता लग्न होताच पूर्ण होतो, आणि पूर्ण कोयत्याला उचलही मोठी मिळते. दुसरीकडे, सहा महिने गावाबाहेर राहणाऱ्या आईबापांना वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, ही चिंता असते. ती फडावर न्यावी तर शाळा सुटते. दोन्ही बाजूंच्या या अडचणी लग्नात एकत्र येतात आणि मुलीचे वय मागे पडते. शारदा कायदा १९२९ चा, मुलीचे वय अठरा करणारी दुरुस्ती १९७८ ची, आणि बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षांपूर्वी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के असताना बीड जिल्ह्यात ते सुमारे ४४ टक्के आढळले. आईबापांचे काळीज दगडाचे आहे, असा याचा अर्थ कोणी लावू नये. मुलीला सुरक्षितपणे मागे ठेवता येईल असे ठिकाण त्यांना मिळाले नाही, हा त्याचा अर्थ आहे.

कमी वयात संसार, लागोपाठची बाळंतपणे, डोक्यावर मोळ्यांचे ओझे, फडावर ना शौचालय ना पुरेसे पाणी. याचा परिणाम स्त्रीच्या शरीरावर झाल्यावाचून कसा राहील? बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे दिसले. दुखण्यावर उपचार घेण्यास सवड नाही, खाडा परवडत नाही आणि समोरचा डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. अशा कोंडीत तरुण वयातच हा निर्णय घेतला गेला.

येथे एक ऐतिहासिक तुलना मनात येते. आपल्या धर्मग्रामात वधूवरांची नावे लग्नाआधी चर्चमध्ये पुकारली जातात आणि विवाहाच्या नोंदवहीत दोघांचीही नावे लिहिली जातात. ही रीत आपल्या अंगवळणी पडली आहे, परंतु तिच्यामागे १५६३ चा ट्रेंट धर्मपरिषदेचा निर्णय आहे. चोरून लागलेल्या लग्नांत फसगत होई, आणि त्यात बहुधा स्त्रीच उघड्यावर पडे. म्हणून साक्षीदारांसमोर विवाह आणि त्याची लेखी नोंद आवश्यक ठरविण्यात आली. स्त्रीचे नाव कागदावर असणे हे तिचे संरक्षण आहे, हे त्या नियमाचे मर्म. ऊसतोडीच्या व्यवहारात नेमके हेच वर्षानुवर्षे घडले नाही. उचलीच्या कागदावर नाव नवऱ्याचे, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचे, हिशेबाचे पैसे नवऱ्याच्या हाती. अर्धे काम करणारी बायको 'कोयता' या शब्दात दडून गेली. फडावर अपघात झाला किंवा पती वारला, तर आपण ऊसतोड कामगार आहोत हे सिद्ध करणारा कागद तिच्यापाशी नसे.

अलीकडच्या काळात काही पावले पडली आहेत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ स्थापन झाले. कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेण्यात आले. त्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावे शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ मध्ये आली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एक जोडपे दिवसाकाठी दोन टन ऊस तोडते असे धरले, तर दोघांची मिळून कमाई ७३२ रुपये होते, म्हणजे माणशी ३६६. त्यासाठी पहाटेपासून रात्री ट्रक भरेपर्यंत राबावे लागते. दरम्यान, शिवारात ऊसतोडणी यंत्रेही उतरली आहेत आणि कोयत्याचे काम किती वर्षे उरेल, ही नवी चिंता या कुटुंबांपुढे आहे.

इतिहासाकडे पाहिले तर या जोडप्यांच्या संसाराची सुरुवात कशी व्हावी, हे आजवर पावसाने, कालव्याने, कारखान्याने आणि उचलीने ठरविले. त्यात बदल घडवायचा तर आरंभ दोन साध्या गोष्टींनी करता येईल. मुलीला आईबापांच्या मागे निर्धास्त राहून शिकता येईल असे वसतिगृह गावाच्या जवळ असावे, आणि हिशेबाच्या प्रत्येक कागदावर बायकोचे नाव नवऱ्याच्या नावाशेजारी असावे. मग लिंबागणेशच्या परिसरातील एखाद्या नव्या सुनेची पहिली संक्रांत तिच्या स्वतःच्या घरात, सवाष्णींच्या मेळ्यात साजरी होईल, आणि तिच्या दारावरून जाणारा मुकादम तिला कोयत्यात न मोजता तिच्या नावाने ओळखील.