भूर्जाच्या होडीतील धर्मगुरू

पुण्याच्या संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबची रेगाटा १९२८ सालापासून होत आली आहे. त्या सोहळ्यात मुळा-मुठेच्या पाण्यावर अरुंद, हलक्या, दोन्ही टोकांना निमुळत्या होत गेलेल्या होड्या आपल्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिल्या असतील. त्याच जातीची एक होडी म्हणजे कनू. आपल्याकडे अशी होडी ही हौसेची वस्तू. कॅनडाच्या उत्तरेकडील अरण्यात मात्र कनू हाच शेकडो वर्षे रस्ता होता. भूर्जवृक्षाची साल लाकडी सांगाड्यावर ताणून, मुळ्यांच्या दोऱ्यांनी शिवून आणि सांधे राळेने बुजवून तेथील आदिवासी ती बांधीत. आपल्या पूर्वजांनी हिमालयातील भूर्जाच्या सालीवर ग्रंथ लिहिले, त्यांनी तिच्यातून प्रवास केला. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण या होडीत घडले आहे आणि ते मराठी ख्रिस्ती वाचकास अगदीच परके वाटू नये.

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. परक्या भूमीची भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, १६१६ साली त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. (१९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत संपादित केले, तेही पुण्यातूनच.) १६१९ साली स्टीफन्स निवर्तले. त्याआधी दोनच वर्षे नॉर्मंडीतील ज्याँ द ब्रेबफ नावाचा एक धिप्पाड तरुण त्याच येशूसंघात दाखल झाला होता. स्टीफन्स समुद्रमार्गे पूर्वेकडे आले, तर ब्रेबफ १६२५ साली पश्चिमेस क्वेबेकला उतरले. तेथून पुढे वेंडाट लोकांच्या प्रदेशात जायचे होते. फ्रेंच त्यांना ह्युरॉन म्हणत.

१६३४ च्या ७ जुलैला ब्रेबफ दुसऱ्यांदा त्या प्रदेशाकडे निघाले. ओटावा नदीतून वर, निपिसिंग सरोवर ओलांडून फ्रेंच नदीने ह्युरॉन सरोवरात, असा तो मार्ग. जेथे धबधबे किंवा खडकाळ ओढ आली, तेथे होडी आणि सामान खांद्यावर घेऊन किनाऱ्याने चालायचे. ब्रेबफ यांनी मोजदाद ठेवली होती: पस्तीस वेळा होडी वाहून न्यावी लागली आणि निदान पन्नास वेळा पाण्यातून ओढीत न्यावी लागली. अन्न म्हणजे भरडलेला मका पाण्यात शिजवलेला. आपल्या कण्यांसारखाच, पण बहुधा मिठावाचूनचा. तीस दिवसांनी, ५ ऑगस्टला, हिममातेच्या सणाच्या दिवशी, ते पोहोचले. बरोबरच्या लोकांनी त्यांना किनाऱ्यावर उतरविले आणि ते निघून गेले. जुने गाव तेथे राहिले नव्हते. मिस्सेचे साहित्य झाडीत दडवून ब्रेबफ एकटेच गावाच्या शोधात निघाले. गाव सापडले, तेव्हा लोकांनी ‘एचोन’ आला म्हणून त्यांचे स्वागत केले. वेंडाट भाषेत ओष्ठ्य वर्णच नाहीत. ब्रेबफ हे नाव त्यांना उच्चारता येणे शक्य नव्हते, म्हणून ‘ज्याँ’चे त्यांनी ‘एचोन’ केले होते.

१६३७ साली ब्रेबफ यांनी मागून येणाऱ्या धर्मगुरूंसाठी काही सूचना लिहिल्या. सेमिनरीत तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकून बाहेर पडलेल्या आम्हां लोकांस त्या अजूनही बोचतात. होडीत बसण्यास आदिवासींना ताटकळत ठेवू नये. झगा वर खोचून अनवाणी पायांनी चढावे, पाणी आणि वाळू आत नेऊ नये. ते देतील ते, ते देतील तसे खावे. फार प्रश्न विचारू नयेत. आपल्या रुंद टोपीचा इतरांस त्रास होतो, म्हणून रात्री घालावयाची साधी टोपी घालावी. शेवटपर्यंत वल्हवण्याची तयारी नसेल, तर वल्हे हातात धरूच नये. कारण प्रवासात त्यांचे आपल्याविषयी जे मत होईल, तेच पुढे गावातही कायम राहील. फ्रान्समध्ये कोणी कितीही मोठा पंडित असो, येथे तो विद्यार्थी, आणि त्याचे गुरू म्हणजे बायका-मुले, हेही त्यांनी अन्यत्र लिहून ठेवले आहे. वेंडाट भाषेत नुसते ‘पिता’ म्हणता येत नाही; कोणाचा पिता ते सांगावेच लागते. म्हणून क्रुसाची खूण करताना ‘आमचा पिता, त्याचा पुत्र’ असे म्हणावे काय, हा प्रश्न ब्रेबफ यांना पडला. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द योजणाऱ्या स्टीफन्सना ही अडचण तत्काळ कळली असती.

येथे एक गोष्ट दडविणे योग्य होणार नाही. या धर्मगुरूंच्या काळातच युरोपीय साथी त्या प्रदेशात शिरल्या; १६३९ साली देवीची साथ आली. काही वर्षांत निम्म्याहून अधिक वेंडाट लोक मेले. मरणोन्मुखांना स्नानसंस्कार देणारे हे काळे झगेवाले चेटूक करतात, असा संशय लोकांना आला. त्यांच्या जागी आपण असतो, तर आपल्यालाही आला असता. १६ मार्च १६४९ रोजी इरोक्वाँच्या हल्ल्यात पकडले जाऊन ब्रेबफ अतोनात छळ सोसून मरण पावले. १९३० साली ते संत म्हणून घोषित झाले.

उत्तरेकडे आणखी वर, मॅकेन्झी नदीकाठी, एकोणिसाव्या शतकात ओब्लेट धर्मगुरू गेले. फादर ग्रोलिए यांनी १८५९ साली आर्क्टिक वर्तुळाच्या तोंडाशी गुड होप येथे मिशन उभारले आणि १८६४ साली तेथेच देह ठेवला. उन्हाळ्यात कनू, हिवाळ्यात कुत्र्यांची गाडी, हे त्यांचे वाहन. आपल्या नगर जिल्ह्यात केंदळला १८७८ साली कार्य आरंभणाऱ्या फादर वाइसहाउप्ट यांना निदान बैलगाडीची वाट तरी होती.

मात्र त्याच शतकाच्या अखेरीपासून आदिवासींच्या होडीत बसण्याऐवजी आदिवासींची मुलेच त्यांच्या घरांतून उचलून आणली जाऊ लागली. सरकारी धोरण आणि मिशनांची व्यवस्था यांतून निघालेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुले राहिली. त्यांतील बहुसंख्य शाळा कॅथोलिक संस्थांच्या हाती होत्या. मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई; कित्येक मुले घरी परतलीच नाहीत. ज्या ख्रिस्तसभेने वेंडाट भाषेत धर्मशिक्षण लिहिले, तिच्याच हातून हे घडले. दोन्ही गोष्टी आमच्याच घराण्याच्या आहेत, एकच सांगता येणार नाही.

जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस कॅनडास गेले. २९ जुलैला ते बॅफिन बेटावरील इकालुइट येथे पोहोचले. त्या गावाला दक्षिणेकडून आजही रस्ता जात नाही. तेथे त्यांनी प्रथम निवासी शाळांतील माजी विद्यार्थ्यांचे म्हणणे एकांतात ऐकून घेतले आणि मग बाहेर येऊन सर्वांसमक्ष क्षमा मागितली.