अवयव प्रत्यारोपण आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

सीबीडी बेलापूर येथे २०१६ साली सुरू झालेल्या अपोलो रुग्णालयात यकृत व मूत्रपिंड यांचे प्रत्यारोपण केले जाते. अशा शस्त्रक्रियांत कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्थान कोणते, याची माहिती आम्ही वाचकांसाठी येथे देत आहोत.

जिवंत दाता आपल्या यकृताचा भाग देतो, तेव्हा रुग्णाला पुरेसे यकृत मिळेल काय आणि दात्याकडे पुरेसे उरेल काय, हे आधी पाहावे लागते. पूर्वी त्यासाठी सीटी स्कॅनच्या प्रत्येक चित्रावर हाताने रेषा आखाव्या लागत. आता शिकवलेला संगणक हे मोजमाप काही मिनिटांत करू शकतो. मात्र ते तपासून निर्णय घेण्याची जबाबदारी शल्यविशारदाचीच असते. रोपण केलेले मूत्रपिंड शरीर नाकारत आहे काय, हे तुकडा-तपासणीच्या चित्रांवरून ओळखण्याचेही संशोधन सुरू आहे.

मेंदूमृत दात्याच्या बाबतीत १९९४ चा कायदा लागू होतो. ४ वैद्यकीय तज्ज्ञांनी किमान ६ तासांच्या अंतराने २ वेळा तपासणी केल्यावरच मेंदूमृत्यू घोषित होतो. त्यानंतर कुटुंबीयांची संमती घेतली जाते. यांपैकी कोणतेही काम यंत्रावर सोपवता येत नाही. मुंबई व नवी मुंबई परिसरात अवयवांचे वाटप विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र प्रतीक्षायादीनुसार करते.

गणिती सूत्रही अन्याय करू शकते. अमेरिकेत मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजणाऱ्या एका सूत्रात वंशाचा घटक होता. त्यामुळे कृष्णवर्णीय रुग्णांची मूत्रपिंडे होती त्यापेक्षा सुदृढ भासत आणि प्रतीक्षायादीत त्यांची गणना उशिरा सुरू होई. २०२२ मध्ये तेथील प्रत्यारोपण यंत्रणेने या घटकाला मनाई केली व २०२३ पासून अशा रुग्णांचा हुकलेला काळ मोजून देण्यास आरंभ केला. ते सूत्र साधे होते, म्हणून दोष उघड करता आला. जुन्या नोंदींवरून शिकणाऱ्या यंत्रात असा दोष शोधणे अधिक कठीण असते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे प्रत्यारोपण तज्ज्ञांसमोर अवयवांचे वाटप भेदभावरहित असावे, असे प्रतिपादन केले होते. व्हॅटिकनच्या जानेवारी २०२५ मधील टिपणानेही उपचारांचे निर्णय माणसाकडेच राहावेत, असे सांगितले आहे.

आपल्याकडे अखेरचा शब्द कुटुंबीयांचा असतो. म्हणून अवयवदानाची इच्छा असणाऱ्यांनी ती आजच घरच्यांना स्पष्टपणे सांगून ठेवावी, अशी आमची विनंती आहे.