बिनकासऱ्याचं विमान

सोयाबीन निघालं की कामरगावच्या शिवारात काही दिवस नजर लांबवर जाते. तूर फुलावर असते, कपाशीची वेचणी चाललेली असते आणि मधली काळी वावरं नुसती पडून असतात. गेल्या हंगामात अशाच एका वावरात शेजारचा पोरगा पिवळं विमान छातीशी धरून उभा दिसला. अंग सनबोर्डचं, पंख वरून ठेवून आठ-दहा रबरबँडांनी आवळलेला. गळ्यात रिमोट. मी धुऱ्यावरून खाली उतरलो तसा तो म्हणाला, "काका, थोडे मागं सरका. पहिल्यांदाच उडवून राहिलो."

त्याच्या मित्रानं विमान डोक्यावर नेऊन वाऱ्याच्या तोंडाला सोडलं. ते सरळ गेलं, मग नाक वर करू लागलं, आणखी वर, जवळजवळ उभंच झालं. तिथं क्षणभर लटकलं आणि कलंडून पऱ्हाटीत पडलं. सगळं मिळून पाच सेकंद असतील. "शेपूट जड राह्यलं," पोरगा म्हणाला आणि धावला.

त्या पाच सेकंदांमागं मोठं खटलं आहे.

आपल्याकडे विमानाचा विषय निघाला की कोणीतरी शिवकर बापूजी तळपद्यांचं नाव काढतंच. १८९५ साल, मुंबईची चौपाटी, माणसाविना उडालेलं यंत्र. गोष्ट ऐकायला छान आहे, पण तिला त्या काळचा भक्कम पुरावा सापडत नाही, म्हणून मी तरी या वंशावळीत ती धरत नाही. बिनतारी हुकूम पाळणारी पहिली गाजलेली वस्तू उडणारी नव्हती, तरंगणारी होती. १८९८ मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हौदातली छोटी बोट तारेशिवाय फिरवून दाखवली. बोटीचं बरं असतं. हुकूम चुकला तर ती थांबते. विमान थांबलं की पडतं. शिवाय पुढं कित्येक वर्षं रेडिओ म्हणजे काचेचे व्हॉल्व्ह आणि जडशीळ बॅटऱ्या. एवढं ओझं हौशी माणसाच्या लाकडी विमानानं उचलायचं कसं?

सरकारांना ओझ्याची चिंता नव्हती, कारण त्यांच्याकडे पूर्ण मापाची विमानं होती. ब्रिटिशांनी १९३५ मध्ये टायगर मॉथ या दोनपंखी विमानाचा बिनवैमानिकाचा अवतार काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'क्वीन बी', राणीमाशी. काम काय, तर तोफचींच्या नेमबाजीसाठी आकाशात घिरट्या घालायच्या. खालचा माणूस जुन्या टेलिफोनसारखी तबकडी फिरवून त्याला हुकूम द्यायचा. अमेरिकी नौदलानं हा प्रकार पाहून आपलं काम सुरू केलं तेव्हा राणीमाशीला साजेसा शब्द निवडला: ड्रोन, म्हणजे नरमाशी. आज वाशीम जिल्ह्यात 'ड्रोनवाला आला' असं म्हणतो, तो शब्द या पोळ्यातून उडून आलाय.

हौशी घराण्याचे मूळपुरुष मात्र वेगळे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कालामझू नावाचं गाव आहे. तिथल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांपैकी एकाला विमानांचं वेड, दुसऱ्याला हौशी रेडिओचं. १९३७ मध्ये दोघांनी मिळून आठ फूट पंखांचं 'गफ' हे विमान रेडिओवर उडवलं, वळवलं आणि परत आणलं. ते विमान पुढं स्मिथसोनियन संग्रहालयात गेलं.

त्या पिढीच्या विमानांचं सुकाणू ज्यावर फिरायचं ती चीज जवळून पाहण्यासारखी आहे. विमानाच्या पोटात लांबलचक रबर पीळ देऊन ताणलेलं. त्याच्या टोकाला दात्यांचं चक्र आणि चक्राला अडवून धरणारा लोखंडी अडसर. जमिनीवरच्या माणसानं बटण दाबलं की विमानातल्या विद्युतचुंबकात वीज येते, अडसर हलतो, पिळलेलं रबर चक्राला पाव फेरा देतं आणि सुकाणू उजवीकडे जातं. बटण सोडलं की आणखी पाव फेरा, सुकाणू मध्ये. पुन्हा दाबलं की डावीकडे. याला एस्केपमेंट म्हणतात. घड्याळजींना शब्द ओळखीचा असेल, जात तीच. पंचाईत अशी की मागचं वळण उजवं होतं की डावं, हे उडवणाऱ्यानं ध्यानात ठेवायचं. सलग दोनदा उजवीकडे वळायचं तर मधलं डावं झटकन उरकून टाकायचं. आणि रबराचा पीळ संपला की सुकाणू जिथं असेल तिथंच अडकायचं.

गंमत म्हणजे तारेनं धरलेलं विमान बाजारात आलं ते या बिनतारीच्या नंतर, १९४० च्या सुमारास. अमेरिकेतल्या जिम वॉकरनं ते घरोघर नेलं. कारण साधं होतं, रेडिओ महाग आणि लहरी. दोन बारीक पोलादी तारा, टोकाला मूठ. मूठ मागं कलवली की विमान वर, पुढं कलवली की खाली, आणि विमान आपलं उडवणाऱ्याभोवती गोल गोल. आपल्या माणसाला हे समजवायला वेळ लागत नाही: हातात कासरा आहे आणि बैल तिवड्याभोवती फिरतोय. एनसीसीची हवाई शाखा १९५० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याच्या तुकड्यांनी सुरू झाली. तिच्या कॅडेटांनी हे कासऱ्याचं विमान खूप फिरवलं आणि चक्कर येऊन पडलेही. त्या काळच्या इंजिनांच्या इंधनात मिथेनॉल आणि एरंडेल असायचं. लहानपणी आईनं नाक दाबून पाजलेलं तेच एरंडेल. जळालं की वास मात्र गोड येतो.

कासऱ्याचं एक सुख असतं. बैल ओढतो ते हाताला कळतं. पतंगाचा मांजाही बोलतो. वर वारा किती, पतंग कुठं झुकतोय, हे बोटाला आधी समजतं आणि डोळ्याला मग. रेडिओनं दोर काढला तेव्हा हे बोलणंही गेलं. नंतरच्या कारागिरांची सगळी धडपड मला तरी गेलेली बोटं परत मिळवण्याची वाटते.

१९५० च्या दशकात आले रीड. जमिनीवरून सूर सोडायचा आणि विमानात वेगवेगळ्या लांबीच्या पोलादी पट्ट्या, पेटीत असतात तशा. ज्या पट्टीचा सूर ती थरथरणार आणि आपल्या वाट्याचं सुकाणू हलवणार. आता उजवं-डावं लक्षात ठेवायची कटकट संपली, पण वळण अजून सगळं किंवा काहीच नाही असंच. बैलाला हळू वळवायची सोय नव्हती, एकदम हिसका. ती सोय झाली १९६० च्या दशकात. कॅलिफोर्नियाच्या डग स्प्रेंग आणि डॉन मॅथर्स यांच्या जोडीनं विजेचे ठोके मोजून लावले. ठोका एक मिलिसेकंदाचा असेल तर सुकाणू एका टोकाला, दोनचा असेल तर दुसऱ्या टोकाला, दीडचा असेल तर बरोबर मध्ये. काडी जेवढी सरकवाल तेवढंच सुकाणू सरकणार. शेजारच्या पोराच्या विमानातली निळी सर्वो मोटर आजही याच मापानं चालते.

तरी एक भांडण उरलंच होतं. प्रत्येक रिमोटमध्ये एक स्फटिक, त्याचा एक ठरलेला पट्टा. मैदानात दुसऱ्यानं त्याच पट्ट्यावरचा रिमोट चालू केला की तुमचं विमान कोणाचंच राहायचं नाही. म्हणून क्लबांत फळा असायचा. आपल्या पट्ट्याचा चिमटा त्यावर लावल्याशिवाय बटणाला हात नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या संचांनी हे मिटवलं. ते स्वतःच मोकळी जागा शोधतात आणि आपलंच विमान ओळखतात. भारतात हा पट्टा कमी ताकदीच्या यंत्रांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. त्यामुळे कामरगावच्या पोराला वायरलेसचा परवाना न काढता रिमोट विकत घेता येतो.

त्याचं पिवळं विमान म्हणजे पायपर कबची नक्कल, एकास आठ मापाची. खऱ्या कबचा पंख १०.७ मीटर, याचा १.३४. मापानुसार लांबी आठपट कमी, पण वजन आठ गुणिले आठ गुणिले आठ, म्हणजे ५१२ पट कमी हवं. खरं कब भरल्यावर साधारण ५५० किलो भरतं, तेव्हा याच्या वाट्याला आलं किलोभर. इथवर हिशेब जुळतो. वाऱ्याला मात्र कोणी एकास आठ करत नाही. तासाला १५ किलोमीटरची झुळूक या विमानाला लागते ती खऱ्या कबला ४० चा वारा लागावा तशी. आणि खऱ्या विमानाचं जड इंजिन नाकात बसलेलं असतं. इथं त्या जागी लिंबाएवढी मोटर, म्हणून नाक हलकं पडतं. या छंदात जुनी म्हण आहे: नाकजड विमान वाईट उडतं, शेपूटजड विमान एकदाच उडतं.

उडवणाऱ्याचा हातच काढून घेण्यापर्यंतही हा छंद गेला. मेनार्ड हिल या अमेरिकी म्हाताऱ्याला दिसणं जवळजवळ बंद झालं होतं, तरी ऑगस्ट २००३ मध्ये त्याच्या चमूनं पाच किलोच्या आत भरणारं विमान न्यूफाउंडलंडहून आयर्लंडला नेलं. तीन हजार किलोमीटर, जवळपास ३९ तास. उडवणं आणि उतरवणं हातानं, मधला समुद्र उपग्रहांच्या इशाऱ्यावर यंत्रानं एकट्यानं. तुरीवर फवारणी करणारा दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन हेच करतो. चालवणारा कडेला उभा असतो, सावलीत. ड्रोन आपल्या रेघा आपणच ओढतो. मला त्याचं कौतुक आहे, पण त्याच्याकडे पाच मिनिटांवर बघवत नाही.

पोरगा विमान घेऊन परत आला. दोन्ही हातांची तर्जनी पंखाखाली लावून त्यानं तोल पाहिला, पंखाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जरा पुढं. शेपूट खाली गेलं. खिशातून तीन नट-बोल्ट काढून त्यानं नाकात कोंबले, वरून चिकटपट्टी मारली, पुन्हा तोललं. आता विमान बोटांवर सपाट राहिलं.

दुसऱ्या वेळी ते खरंच उडालं. तुरीवरून गेलं, कडुनिंबाला वळसा घालून परत आपल्याकडे तोंड करून आलं. इथंच नवशिके फसतात. विमान समोरून येताना आपलं डावं त्याचं उजवं होतं. पोरगा पुटपुटत होता, "जिकडं पंख खाली, तिकडं काडी." दोन फेऱ्या झाल्या. मग मोटर बंद करून त्यानं ते ढेकळांत टेकवलं. एक उसळी, एक गिरकी आणि पंख निघून बाजूला पडला. मोडलं काही नाही. पंख निघावा म्हणूनच तो रबरानं बांधलेला असतो.

त्यानं रबरबँड मोजले. तीन कमी होते. सरळ किराण्यातून नवी पुडी आणावी तर तसं नाही. तिघंही ओणवे होऊन काळ्या मातीच्या भेगांत रबरं शोधत बसलो. दोन सापडली.